आधी न्यूट्रल मोजा

"थ्री फेज काढून सिंगल फेज केलं, तर बिल किती उतरेल?" जळगावचे गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, गाळ्यात कामाला गेलेल्या वायरमनला हा प्रश्न ठरलेलाच. प्रश्न गैरही नाही. छपाईचे मशीन होते तिथे आता मोबाइलचे दुकान आहे, गिरणीच्या गाळ्यात कोचिंग क्लास भरतो. मोटार गेली, ट्यूबलाइटच्या जागी एलईडी आले, पण मंजूर भार आणि मीटर जुन्या धंद्याच्या हिशेबाचेच राहिले.

मात्र पहिले उत्तर द्यायचे ते खरे द्यावे. बहुतेक लहान दुकानांच्या बिलात नुसता फेज बदलून काहीच उतरत नाही. वीज नियामक आयोगाच्या 31 मार्च 2023 च्या दर आदेशात लघुदाब अनिवासी ग्राहकाचा स्थिर आकार 20 किलोवॉटपर्यंत दरमहा प्रति जोडणी ठेवला होता. फेज एक की तीन, याने त्यात फरक पडत नाही. फरक आहे तो घरगुती वर्गात. तिथे थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक, आणि घरचा हाच अनुभव मालक दुकानाला लावतो. भार 20 किलोवॉटच्या वर असेल तर स्थिर आकार मागणीनुसार लागतो, म्हणून भार उतरवला की पैसे वाचतात. पण ती बचत भार कमी केल्याची, फेज कमी केल्याची नव्हे. शिवाय सिंगल फेजला 40 अँपिअरची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम 9 किलोवॉट.

एवढे सांगूनही ग्राहक ठाम असेल, तर खरे काम सुरू होते. बरेचदा ते पाच मिनिटांत उरकलेही जाते: टीपीएन डीबीत लाल, पिवळी, निळी अशा तिन्ही वायरी जंपर मारून एकत्र करायच्या, मेन चालू करायचा, दिवे लागले की पैसे घ्यायचे. धोका नेमका इथेच आहे.

जुन्या गाळ्यांत वायर वाचवण्यासाठी तीन फेजच्या तीन सर्किटांना मिळून एकच काळी न्यूट्रल ओढलेली सापडते. थ्री फेजवर ती निभावून जाते, कारण तिन्ही फेजचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना बरेचसे छेदतात. तिन्ही सर्किटांवर प्रत्येकी 12 अँपिअर असतील, तर न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच वाहत नाही. एलईडी आणि संगणकांच्या हार्मोनिक्सचा प्रवाह तेवढा उरतो. जंपर पडला की छेद संपतो आणि बेरीज सुरू होते. त्याच काळ्या वायरीतून आता 36 अँपिअर वाहतात. पाइपातली 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वीस-बावीस अँपिअरची. प्रत्येक फेजवर 16 चा एमसीबी आहे, पण कोणत्याही फेजवर 12 च असल्याने एकही पडत नाही. न्यूट्रलला एमसीबी नसतोच. वायर आतल्या आत तापत राहते आणि बाहेर सगळे सुरळीत दिसते.

त्यात खानदेशचा उन्हाळा. केबलच्या हवेतील क्षमतेचे भारतीय मानकातले आकडे 40 अंश तापमान धरून दिलेले आहेत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि पत्र्याखालच्या गाळ्यात त्याहून वर. 50 अंशांना पीव्हीसी वायरीची क्षमता पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटते. एसीचा भारही नेमका तेव्हाच सर्वाधिक असतो.

म्हणून जंपरच्या आधी न्यूट्रल लिंक उघडावी. मेन बंद करून लिंकवरच्या न्यूट्रल एकेक करून सोडाव्यात आणि कोणती कोणत्या सर्किटची हे लावून घ्यावे. सर्किटे तीन आणि काळ्या वायरी एक असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र न्यूट्रल ओढावी. पाइपात जागा नसेल, तर ती तिन्ही सर्किटे मिळून 16 अँपिअरच्या एकाच डबल पोल एमसीबीवर घ्यावीत आणि तेवढ्यावरच भार ठेवावा. मोठ्या गाळ्याला साडेतीन कोअरची केबल आली असेल तर तिची अर्धी कोअर विसरू नये: 35 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये न्यूट्रल 16 चीच असते. सिंगल फेजवर मात्र फेजइतकाच प्रवाह न्यूट्रलमधून परततो.

मीटर रूम ते गाळा हे अंतरही हिशेबात धरावे. तेवढाच भार तेवढ्याच जाडीच्या वायरीवर सिंगल फेजने नेला, तर व्होल्टेजची घट संतुलित थ्री फेजच्या सहापट होते. प्रवाह तिप्पट होतो आणि घट जाण्या-येण्याच्या दोन्ही वायरींत पडते. 10 चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम केबल, 30 मीटर अंतर आणि 9 किलोवॉट भार घेतला, तर सव्वा व्होल्टच्या जागी सात व्होल्ट गळतात.

जुना फोर पोल आरसीसीबी तसाच वापरायचा असेल, तर त्याच्या टेस्ट बटणाचे सर्किट कोणत्या दोन पोलांमध्ये आहे हे त्यावरच्या आकृतीत पाहावे. चुकीच्या पोलांवर जोडणी झाली तर बटण दाबूनही काही घडत नाही, आणि आरसीसीबी बिघडला की चांगला आहे हे कळायचा मार्गच बंद होतो.

मोटारीचे काय? केळीच्या रायपनिंग चेंबरचे मोठे कॉम्प्रेसर, डाळ मिल, लिफ्ट असेल तिथे विषय काढूच नये. एखादीच लहान मोटार उरली असेल, तर मार्ग आहे. 415 व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली, सहा टोके बाहेर काढलेली दोन एचपीची मोटार डेल्टात बदलून सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर चालते. आधी नेमप्लेट पाहावी. कंडेन्सरचा जुगाड नको. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या काळात ग्रामीण फीडरवर सिंगल फेजिंग झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी कंडेन्सर लावून थ्री फेज पंप चालवले. त्यात जळालेल्या मोटारी रिवाइंडिंगवाल्यांनी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आणखी एक बाजू इमारतीची. एका संकुलातले दहा गाळे सिंगल फेजवर गेले आणि दहाही सोय म्हणून एकाच फेजवर टांगले, तर तो फेज कायम दबलेला राहतो, आणि मेन न्यूट्रल सैल झाली की कमी भाराच्या फेजवरच्या शेजाऱ्याकडे व्होल्टेज 400 च्या दिशेने चढते. कोणता गाळा कोणत्या फेजवर आहे, याची यादी मीटर रूममध्ये लावून ठेवावी आणि प्रत्येक बदल तिच्यात नोंदवावा.

परवानाधारक ठेकेदाराने टेस्ट रिपोर्टवर सही करण्याआधी पूर्ण भारावर न्यूट्रलचा प्रवाह क्लँप मीटरने मोजून तो आकडा ग्राहकाला लेखी द्यावा. कोटेशनमध्ये न्यूट्रल ओढण्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवावा; तो पाहून अनेक मालक विचार बदलतील, आणि बदलू द्यावा. वर्ष-दोन वर्षांत मोठा एसी बसणार असेल, किंवा गाळा भाड्याने देऊन तिथे नवा धंदा येणार असेल, तर थ्री फेज मीटर तसाच ठेवून फक्त मंजूर भार कमी करण्याचा अर्ज महावितरणकडे करणे त्याला स्वस्त पडते.