हद्दीच्या रानातली वाट

बँकेच्या नोकरीत बदली कुणाला चुकत नाही. ऐंशीच्या दशकात माझी बदली बेळगाव जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत झाली आणि तिच्यामुळे मला कॅसलरॉक पाहायला मिळालं. लोंढा सोडलं की गाडी रानात शिरते आणि या स्टेशनात येते. पुढे ब्रागांझा घाटाचा उतार, बोगदे, दूधसागर आणि पायथ्याशी कुळे. हे गाव आज उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे, पण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज गोव्याची हद्द इथून सुरू होत असे. १८८८ मध्ये इथवर आलेल्या या लोहमार्गावर इंग्रजांची जकात कॅसलरॉकला आणि पोर्तुगीजांची कुळ्याला. प्रवाशांच्या ट्रंका दोन्हीकडे उघडल्या जात. मधलं पंचवीसेक किलोमीटरांचं रान मात्र कुणालाच जकात देत नव्हतं. बिबट्या आणि धनेश पक्षी बिनपरवाना येत-जात होते.

पावसाळा नुकताच सरला होता. एका रविवारी आमच्या शाखेतले शिपाईमामा आणि मी दूधसागरला पायी निघालो. रुळांच्या कडेने चौदा-एक किलोमीटर. रुळांवरून चालणं तेव्हाही बेकायदाच होतं, पण गाड्या तुरळक आणि हटकणारं कुणी नाही. डाव्या-उजव्या हाताला ऐन, किंजळ आणि बांबूची दाटी, पायांना जळवा. एका बोगद्याच्या तोंडाशी मामा थांबले आणि त्यांनी चपला काढल्या.

"काय हो मामा, काटा लागला?"

"न्हाई साहेब. हितनं पुढं फिरंग्याचं राज हुतं."

मग ते बोलू लागले. १९५५ च्या मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली मोठी तुकडी गोव्यात शिरली होती. त्याच साली १५ ऑगस्टला देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही ठिकठिकाणी हद्द ओलांडू लागले. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली आणि या मार्गावरची रेल्वेही थांबली. मामा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि कॅसलरॉकला आलेल्या जथ्यात होते. पुढून गोळ्यांचा आवाज आला. "पाय माघारी वळलं, साहेब. मी न्हाई वळवलं."

स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची काही खाती आमच्या शाखेत होती. त्यांची लेजर दर महिन्याला मामाच माझ्या टेबलावर आणून ठेवत. मी म्हणालो, "मामा, तुम्हीही अर्ज करा. मी लिहून देतो."

"हद्द वलांडली न्हाई मी. पैसा कसला घ्यायचा?"

नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतका चोख हिशेब मी दुसरा पाहिला नाही. मामांनी चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच बोगद्यात शिरले. तीस वर्षांनी.

हे आज आठवायला कारण आहे. जुलै २०२३ मध्ये दूधसागर पाहायला आलेल्या तरुणांची रुळांवर एवढी गर्दी झाली, की रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या. चित्रं पाहून आपण सारे हसलो. पोलिसांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अरुंद बोगद्यात गाडी आली तर माणसाने जावं कुठे? आम्ही केलं ते आज कुणी करू नये. पण नुसती बंदी घातली की तरुणांच्या वाट्याला ३१० मीटरांचा धबधबा तेवढा उरतो, तोही फोटोपुरता. त्या रानाची गोष्ट त्यांना कोण सांगणार?

याच मार्गावर दुसरा रूळ टाकण्याचा घाट घातला गेला होता. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या त्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. रान तूर्त वाचलं. पण रान नुसत्या निकालाने टिकत नाही, ते आपलं वाटणारी माणसं लागतात.

जर्मनीत थुरिंगियाच्या जंगलात रेनश्टाइग नावाची अशीच एक हद्दीची वाट आहे. सुमारे १७० किलोमीटर लांब, कडेला संस्थानिकांचे जुने सीमादगड. देशाची फाळणी झाली तेव्हा तीही तुटली, आणि १९९० मध्ये पुन्हा सलग झाली. आता घरातली लहानथोर माणसं तिच्यावरून पायी जातात.

आपल्याला एवढं मोठं काही नको. रुळांपासून दूर, रानात आधीच असलेल्या पायवाटांवरून, पावसाळा वगळून, मोजक्या माणसांनी वनखात्याच्या वाटाड्याबरोबर जावं. नवा रस्ता नको, सिमेंटच्या पायऱ्या नकोत, चहाच्या टपऱ्या तर नकोतच. वाटाड्या तिथल्याच गावचा असावा, म्हणजे रान राखण्यात त्याच्या घरची चूलही पेटेल. दोन्ही राज्यांच्या वनखात्यांनी एका टेबलाशी बसलं तर हे अवघड नाही. पाण्यावरून भांडणाऱ्या राज्यांना निदान चालण्यावरून तरी एकत्र येता यावं.

जुनी हद्द जिथे होती तिथे एक साधा दगड असावा. पुढे गेलेल्यांची नावं इतिहासाने लिहून ठेवली आहेत. मामांचं नाव कुठल्याच यादीत नाही आणि ते त्यांना चाललंही नसतं. पण त्या दगडापाशी एखाद्या मुलाने वडिलांना विचारावं, "बाबा, इथे काय होतं?" आणि बाबांना उत्तर ठाऊक असावं.