चव बिघडली म्हणून हॉटेल सोडावे काय?

मालेगावच्या कापड व्यापाऱ्याची अर्धी पेढी दुकानात असते आणि अर्धी हॉटेलात. भाव दुकानात निघतो, पण सौदा पक्का होतो तो चहाच्या टेबलावर. परगावचे गिऱ्हाईक आले की त्याला जेवू घालणे हा आमच्या कारोबाराचाच भाग आहे. म्हणून गल्लीतले हॉटेल बिघडले तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही, आमचेही होते.

आमच्या पेढीजवळ असेच एक जुने हॉटेल आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. पंचवीस वर्षे आम्ही तेथे जात आलो. सकाळची निहारी आणि तंदूरची गरम रोटी ही तेथली खासियत. मागच्या वर्षी बुऱ्हाणपूरचे एक जुने व्यापारी आले, त्यांना आम्ही मोठ्या अभिमानाने तेथे नेले. अर्धा तास वाट पाहिली. टेबल पुसलेले, पण हाताला चिकट. निहारी आली ती पिठाच्या लापशीसारखी, वर तेलाचा जाड तवंग आणि आत मांस चिवट. पाहुण्यांनी दोन घास खाऊन हात धुतले. तोंडाने काही बोलले नाहीत, पण आमची मान खाली गेली.

आम्ही काय केले? बिल दिले, मुकाट्याने बाहेर पडलो आणि संध्याकाळपर्यंत चार दुकानांत सांगून मोकळे झालो की त्या हॉटेलात आता दम राहिला नाही. पुढे सहा महिने तिकडे फिरकलो नाही.

अशातच आमच्यावर तशीच वेळ आली. धुळ्याच्या एका दुकानदाराला पाठवलेल्या मालात सात तागे खराब निघाले. कापड हाताला भरदार लागत होते, पण ती सारी खळीची करामत होती. पहिल्या धुण्यात खळ निघून गेली आणि कापडाची जाळी झाली. त्या भल्या माणसाने फोन केला, “सेठ, सात तागे असे निघाले आहेत. बाजारात कुठे बोललो नाही, आधी तुम्हाला सांगतो.” आम्ही माल बदलून दिला आणि ज्याच्याकडून घेतला होता त्याची खरडपट्टी काढली. खाते आजही चालू आहे. त्या रात्री मनात आले, की गिऱ्हाईकाने आम्हाला जी मोहलत दिली, ती आम्ही त्या हॉटेलवाल्याला का दिली नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या रिकाम्या वेळी जाऊन मालकांशेजारी बसलो आणि सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सेठ, गल्ल्यात घट दिसत होती, पण कारण कोणी सांगत नव्हते. सगळे सलाम करून निघून जात.” कारण मग त्यांच्याच बोलण्यातून निघाले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जुना बावर्ची गावी गेला. महाराष्ट्रात हॉटेलात बसून खाण्याची परवानगी ५ ऑक्टोबर २०२० पासून मिळाली, तीही निम्म्या क्षमतेने. तोवर बावर्चीने गावातच हातगाडी टाकली होती, तो परतला नाही. निहारी रात्रभर मंद आचेवर ठेवावी लागते, तेव्हा मांस मऊ होते आणि रस्सा आपोआप दाट येतो. नव्या माणसाने गॅस वाचवण्यासाठी वेळ कापला, दाटपणासाठी पीठ वाढवले आणि वरून तेलाचा तवंग सोडला. म्हणजे आमच्या कापडावरची खळ ती हीच!

पंधरा दिवसांनी आम्ही न सांगता, नेहमीच्या गर्दीच्या वेळी गेलो. मांस मऊ होते, पीठ कमी होते, टेबल स्वच्छ होते. जुनी चव पूर्ण आली, असे म्हणणार नाही. रोटी अजून कोरडी होती, तेही आम्ही सांगितले. पण आता पाहुण्याला तेथे नेण्याची हिंमत होते.

अन्नाला नावे ठेवू नयेत, ही आपली शिकवण आहे. पण पैसे घेऊन विकलेल्या मालातला ऐब विकणाऱ्याला सांगणे म्हणजे अन्नाला नावे ठेवणे नव्हे. उलट त्याला न सांगता बाजारभर सांगणे हेच वाईट. हल्ली तर टेबलावरून उठण्यापूर्वीच मोबाईलवर एक तारा देऊन लोक मोकळे होतात. जगाला कळते, मालकाला कारण कळत नाही.

मात्र मोहलतीलाही हद्द असावी. मीठ-मसाला चुकला, उशीर झाला, तर माफ करता येते. शिळे अन्न आणि जळके तेल माफ करण्याजोगे नाही, कारण तेथे प्रश्न चवीचा नसून तब्येतीचा आहे. तळणाच्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड’ २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. सांगूनही जो मालक काळेच तेल वापरतो, त्याला तिसरी संधी देण्याची गरज नाही.

हॉटेलवाल्या भावांनाही दोन शब्द. रोज एक वेळ आपल्याच देगेतले, गिऱ्हाईकाच्याच टेबलावर बसून खा. आणि ज्या गिऱ्हाईकाने ताटात अर्धे टाकले, त्याला बिल घेताना कारण विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

व्यापारी बंधूंनो, ज्या दिवशी गल्लीतले हॉटेल बंद पडेल, त्या दिवशी तेथे बैठक बसवणारा दलाल, माग बंद करून चहाला येणारा कारीगर आणि टेबल पुसणारा गरिबाचा मुलगा, सगळेच उघड्यावर येतील. म्हणून तक्रार तोंडावर करा, पैसे पूर्ण द्या आणि एकदा पुन्हा जा. आपला खराब तागा परत आला, तर आपणही एवढीच अपेक्षा करतो.