ऊस काट्यावर, आपण कधी?

उसाची गाडी काट्यावर चढली की आपण आकडा किती बारकाईनं बघतो! थोडी शंका आली तरी दुसऱ्या काट्यावर वजन करून आणतो. पण स्वतःचं वजन शेवटचं कधी केलं, असं बैठकीत विचारलं की उत्तर येतं, "साहेब, रानात राबणाऱ्याला कसलं आलंय वजन?"

हे उत्तर आपल्या वडिलांच्या तोंडी शोभत होतं. कृष्णाकाठी ऊस आधीपासून होताच. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं तसा मिरज तालुक्याचा पूर्व भागही बागायत होत गेला. चांगलंच झालं. पण औतामागं दिवसभर चालणं गेलं, ट्रॅक्टर आला. मोटारसायकल थेट बांधापर्यंत जाते. ठिबकचा कॉक फिरवला की पाणी, आणि मोटर तर घरबसल्या मोबाईलवर चालू होते. ऊस तोडायला टोळी येते. राबणं कमी झालं, ताट मात्र तेवढंच राहिलं.

त्यात चहा. स्टँडवर, सोसायटीत, पाहुण्यांकडे मिळून दिवसाला सहा कप सहज होतात. कपाला दोन चमचे धरले तरी साठ ग्रॅम साखर, म्हणजे महिन्याला 1 किलो 800 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा, पंचवीसच्या आत असेल तर उत्तम. ऊस पिकवणाऱ्यांना हे सांगणं अवघड आहे, पण सांगायलाच हवं.

खरा धोका पोटावरच्या चरबीत आहे. हातपाय बारीक आणि पोट पुढं, अशी माणसं आपल्याकडे फार. ही चरबी रक्तदाब वाढवते, साखर वाढवते, रक्तवाहिन्या आतून अरुंद करत जाते. मोजायला शिंप्याची टेप पुरे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची. पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईमाणसाला 80, ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा. गेल्या वर्षी एका गावात मी हे समजावत होतो, तर एक आजोबा म्हणाले, "आधी तुमची मोजा." 96 भरली. सगळी बैठक हसली, मीही हसलो. घरी आल्यावर हसू आलं नाही.

कारण त्याच हंगामात ओळखीचा एक द्राक्ष बागायतदार गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. छातीत जड वाटत होतं, हात भरून आला होता. पित्त म्हणून सोडा प्यायला आणि औषध फवारणीला गेला. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं, 1962 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. कर्नाटकातून माणसं रेल्वेनं इथं उपचाराला येतात, आणि आपण जवळची माणसं सोडा पीत बसतो.

एकदम पंधरा किलो उतरवायला कुणी सांगत नाही. 80 किलोच्या माणसानं चार-पाच किलो कमी केले तरी रक्तदाबात, साखरेत फरक पडतो. गाडी डांबरी रस्त्याला लावा, रानात चालत जा. शाळूची भाकरी उत्तमच, पण चौथी नको. त्याजागी मटकीची उसळ, पालेभाजी वाढून घ्या. आणि तंबाखू सुटली नाही तर नुसतं वजन उतरवून हृदय वाचेल या भ्रमात राहू नका.

सरपंच आणि भाऊसाहेबांना एक विनंती. तीस वर्षांवरच्या माणसांचा रक्तदाब, साखर उपकेंद्रात मोफत तपासतात. पुढच्या ग्रामसभेला आरोग्यसेविका ताईंना वजनकाटा आणि टेप घेऊन बोलवा, आणि पहिली कंबर तुम्ही मोजून घ्या. माझी सध्या 92 आहे. छातीत दुखलं तर 108 ला फोन करायचा, हे त्याच दिवशी चावडीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून टाका.