श्यामेन बंदर आणि आपला किनारा

मुंबईचे शांघाय करण्याची भाषा आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहे. परंतु मालवणासारख्या लहान बंदरास चीनपासून काही शिकावयाचे असेल, तर त्याने शांघायपेक्षा श्यामेनकडे पाहावे, असे ते नगर पाहिल्यावर आमचे मत झाले आहे.

श्यामेन हे चीनच्या फूच्येन प्रांतातील बेटावर वसलेले बंदर. जुन्या पुस्तकांतून याचेच नाव आमॉय असे आढळते. १८४२ च्या तहाने ते परकीय व्यापारास खुले झाले, आणि १९८० साली चिनी सरकारने तेथे खास आर्थिक क्षेत्र स्थापिले. २०२० च्या शिरगणतीत या नगराची लोकसंख्या ५१ लाखांहून अधिक भरली. उत्तुंग इमारती, समुद्रावरील पूल व रात्रीचा झगमगाट पाहून प्रवाशाचे डोळे दिपतात, यात नवल नाही. आमच्या मनात मात्र घर केले ते तेथील युनतांग नावाच्या तळ्याने.

हे तळे पूर्वी समुद्राची खाडी होती. रात्री तिच्यात मासेमारी करणाऱ्या होड्यांचे दिवे हे श्यामेनच्या नामांकित देखाव्यांपैकी एक गणले जाई. १९७० च्या सुमारास शेतजमीन मिळविण्यासाठी खाडीच्या मुखाशी बांध घातला गेला. भरती-ओहोटी थांबली, नगराचे सांडपाणी साचले, आणि खाडीचे दुर्गंधीयुक्त डबके झाले. १९८८ पासून नगराने ते सुधारण्याचे काम हाती घेतले. सांडपाणी अडविले, गाळ उपसला, आणि दारे बसवून भरतीचे पाणी पुन्हा आत खेळविले. आज तेथे शुभ्र बगळे उतरतात. तथापि मच्छीमारांचे दिवे काही परतले नाहीत. पाण्यात आता इमारतींचे दिवे दिसतात. गेलेली वस्तू कष्टाने अर्धीच परत मिळते, हा त्यातील बोध होय.

श्यामेनसमोर गुलांगयू नावाचे चिमुकले बेट आहे. तेथे होडीनेच जावे लागते. एकोणिसाव्या शतकात मिशनांनी तेथे शाळा व रुग्णालये काढिली. बेटावर खाजगी मोटारींसच काय, सायकलींसही मज्जाव आहे, आणि दररोज येणाऱ्या प्रवाशांच्या संख्येस मर्यादा आहे. २०१७ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशात स्थान दिले. १६६४ साली शिवछत्रपतींनी ज्याचा पाया घातला, त्या आपल्या सिंधुदुर्गासही २०२५ साली इतर मराठा दुर्गांसह तोच मान लाभला. मान सारखा लाभला. आता शिस्तही सारखी हवी.

कोणी म्हणेल, पोटासाठी मुंबईस जाणाऱ्या आमच्या मुलांना बगळे दाखवून काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. उद्योग हवा, रस्ते हवेत, पर्यटकही हवेत. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा ठरला तो याचसाठी. परंतु पर्यटक येतो तो स्वच्छ पाण्यासाठी, आणि रापण ओढणाऱ्या शेकडो हातांस घास मिळतो तोही त्याच पाण्यातून. १९८७ पासून मालवणचा समुद्र कायद्याने अभयारण्य आहे. परंतु कायद्यामागे लोकमत उभे राहिले नाही, तर तो कागदावरच राहतो.

श्यामेनने आधी खाडी बिघडविली व मग शहाणपण शिकले. आपणांस ते शहाणपण खाडी न बिघडविता मिळण्याजोगे आहे. विद्यार्थिमित्रहो, उद्या या गावचे पंच, व्यापारी व अधिकारी तुम्हीच होणार आहात. किनाऱ्यावर नवे काही उभारण्याची योजना पुढे येईल, तेव्हा सांडपाणी कोठे जाणार आणि होडी कोठे लागणार, हे दोन प्रश्न प्रथम विचारा. पालकांनीही ते आजपासूनच विचारावे, अशी आमची नम्र विनंती आहे.