उचल हे नवे वतन

प्रपंच आणि परमार्थ यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आपल्या देशात शतकानुशतके विचारला जात आहे. अलीकडे त्यास नवे वस्त्र चढविण्यात आले आहे. नव्या पिढीस पैशाची आणि चैनीची चटक लागली, जुने संस्कार लोपले, म्हणून ऐहिक सुख आणि आध्यात्मिक मूल्ये यांत समतोल साधला पाहिजे, असा उपदेश सभामंडपांतून ऐकू येतो. उपदेश करणाराचे पोट भरलेले असते. ऐकणाराचे पोट कशावर चालते, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ती चौकशी आपण धारूर येथे करू.

बालाघाटच्या डोंगरात, जुन्या किल्ल्यालगत वसलेले धारूर हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पाऊस बेभरवशाचा, जमीन बव्हंशी हलकी. एका अंगास परळीचे वैजनाथ, दुसऱ्या अंगास अंबाजोगाईची योगेश्वरी. परमार्थाची उणीव या मुलखास कधीच भासली नाही. उणीव भासली ती बारमाही कामाची. म्हणून दसरा-दिवाळी उलटली, की या तालुक्यातील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरे ट्रॅक्टरवर चढवून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊस तोडावयास जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. यांत बौद्ध आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठेही आहेत. उसाच्या फडात जाती अनेक असल्या तरी कोयता सर्वांच्या हाती एकच.

या कामाची भाषाच पाहा. नवरा-बायको ही दोन माणसे, परंतु हिशेबात त्यांचा मिळून ‘एक कोयता’ होतो. हंगामापूर्वी मुकादम जी रक्कम हातावर ठेवतो तिला ‘उचल’ म्हणतात. ती फेडण्यासाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत तोडणी, बांधणी आणि भरणी करावयाची. आजारपणाने एक दिवस चुकला, तर तो ‘खाडा’ आणि त्याबद्दल दंड. राहावयास फडाजवळ पाचटाची नाहीतर प्लास्टिकची कोपी. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षाच्या खाती चढते आणि पुढील वर्षीचा कोयताही आजच विकला जातो.

आता आम्ही विचारतो, जे कुटुंब पुढच्या वर्षाचे आपले श्रम आजच विकून बसले आहे, त्याने कोणता समतोल साधावयाचा? त्याच्या तागडीत दोन पारडी आहेतच कोठे?

वाचकहो, वतन या शब्दाची आपणांस आठवण आहे ना? भाकरतुकड्याच्या आणि इनामाच्या तुटपुंज्या तुकड्याच्या मोबदल्यात गावाची रात्रंदिवस चाकरी करावयाची, ही महारवतनाची रीत होती. पूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा आपल्यांतीलच काही जणांस वाटले, की हक्काची भाकरी जाते. बाबासाहेबांनी ओळखले होते, की ही भाकरी माणसाचा स्वाभिमान खाऊन टाकते. आज वतन गेले; परंतु उचल आली. आगाऊ मिळणारे थोडे, बांधली जाणारी पिढी अख्खी, आणि घेणारास वाटते आपणांवर उपकार झाला! उचल हे नवे वतन आहे, आणि जात न विचारता ते प्रत्येक कंगालाच्या गळ्यात पडते, एवढाच त्याचा नवेपणा.

या वतनाची सर्वांत मोठी किंमत स्त्री मोजते. २०१९ साली राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. या आकड्यात सर्वच ऊसतोड करणाऱ्या नसतील. परंतु खाड्याचा दंड आणि मासिक पाळी यांचा जेथे एकमेकांशी हिशेब घातला जातो, तेथे शस्त्रक्रियेस ‘स्वेच्छेने’ हा शब्द लावणे ही थट्टा आहे. मुलींचेही तसेच. आईबाप सहा महिने परगावी. वयात आलेली मुलगी कोपीवर न्यावी तर भय, गावी ठेवावी तर भय. म्हणून शाळा सोडवून तिचे लग्न उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या दर पाच स्त्रियांमागे दोघींहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झालेले आढळले. लग्न झाले, की नवा जोडा तयार. जोडा तयार, की नवा कोयता तयार!

येथे संस्काराचे पुरस्कर्ते पुढे येतात आणि म्हणतात, प्राक्तनात असेल तसे घडते, समाधानी असावे. समाधानाचा हा उपदेश कारखानदारास आणि मुकादमास किती सोयीचा आहे, हे सांगावयास पंडित नको. भगवान बुद्धांनी दारिद्र्याची थोरवी कधीच गायिली नाही. कोलियांच्या कक्करपत्त नगरात दीघजाणू नावाचा गृहस्थ त्यांच्याकडे आला. आम्ही लेकराबाळांत राहणारी, चंदन आणि माळा धारण करणारी, सोने-नाणे बाळगणारी माणसे. आम्हांस आमच्या हिताचा मार्ग सांगा, असे त्याने विनविले. भगवंतांनी त्यास घर सोडावयास सांगितले नाही. उद्योगाने धन मिळवावे, मिळविलेले राखावे, सज्जनांची संगत धरावी आणि मिळकत पाहून खर्च करावा, हे चार नियम त्यांनी प्रथम सांगितले. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा हे चार त्यानंतर. आणि खर्चासाठी दृष्टान्त दिला तो तागडी धरणाराचा. कोणते पारडे किती झुकले, हे त्यास कळते. तसे गृहस्थास कळले पाहिजे. धम्मातील समतोल तो हा. तो घराच्या जमाखर्चाच्या वहीत दिसतो.

ही वही आपण उघडू या, आणि येथे आम्ही आपल्याच लोकांस कडू बोलणार आहोत. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात उचल कशासाठी घेतली जाते? दवाखान्यासाठी, पेरणीसाठी, दुष्काळात दाण्यासाठी घेतली, तर तो दोष घराचा नव्हे. तो दोष राज्यव्यवस्थेचा आहे, आणि त्याबद्दल गरिबास बोल लावणारा मनुष्य निर्दय होय. परंतु लग्नातील मंडप, वाजंत्री, मानपान आणि पंगती यांसाठी घेतलेली उचल कोणत्या सदरात घालावयाची? बुद्धवंदना म्हणून लागलेले लग्न जर वराच्या आणि वधूच्या हाती कोयताच देणार असेल, तर त्या लग्नात बौद्ध ते काय राहिले? विधी बदलला, पुरोहित गेला, हे मोठे काम झाले यात संशय नाही. कर्ज मात्र जुनेच राहिले.

कोणी म्हणेल, गरिबाने एक दिवस हौस केली तर तुमचे काय बिघडले? आमचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते त्या मुलीचे, जिच्या शाळेच्या सहा महिन्यांवर त्या एका दिवसाची पंगत उठली. हौस बापाची, मान भावकीचा, आणि फेड लेकीची, हा कोणता न्याय?

पूज्य बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग मागितला होता. धारूरहून बीड, संभाजीनगर, पुणे येथे जाऊन नोकरीत स्थिरावलेल्या बांधवांनो, हा प्रश्न तुम्हांसही आहे. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले नसते, तर मराठवाड्यातील कितीजण आज तुमच्या खुर्चीवर बसले असते? विहारास संगमरवर लावण्यापूर्वी त्या विहारात मागे राहिलेल्या मुलींसाठी सहा महिने दोन वेळचे अन्न आणि एक दिवा असू द्या. त्या अन्नाने विहाराचे पावित्र्य वाढेलच.

दान देऊन हक्क सुटत नाही, हेही ध्यानी ठेवा. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारी निषिद्ध ठरविली आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेपोटी माणसास कामास जखडणे हा गुन्हा ठरविला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले कामही सक्तीचेच श्रम होय. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ साली आखली. कायदा कागदावर आहे. त्यास जमिनीवर आणण्यासाठी ग्रामसभेत, तहसील कचेरीत आणि कारखान्याच्या दारात विचारणारा माणूस हवा. कोयत्याच्या हिशेबात स्त्रीचे नाव वेगळे लिहा, तिची मजुरी तिच्या हाती द्या, खाड्याचा दंड बंद करा, उचलीचा लेखी हिशेब द्या, हंगामी वसतिगृह कुटुंबे निघण्यापूर्वी उघडा, या मागण्या एकट्या बौद्धांच्या नव्हेत. फडातील सर्व जातींनी एकत्र मागावयाच्या त्या आहेत.

अशोक विजयादशमीस आपण निळे झेंडे घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करतो. त्याच सुमारास मुकादम वाड्यावाड्यांतून उचल वाटीत फिरत असतो. दोघेही आपल्या दाराशी येतात. येत्या विजयादशमीस त्रिशरण-पंचशील म्हणून झाल्यावर प्रत्येक वस्तीने एवढा निर्धार करावा, की लग्नकार्यासाठी आम्ही उचल घेणार नाही, आणि कोणाचीही मुलगी शाळा सोडून उसाच्या फडात जाणार नाही. वतन टाकण्यास जे धैर्य आपल्या आजोबांनी दाखविले, त्याहून अधिक धैर्य यास लागत नाही.

जय भीम!