तळ्याचे सर्वांना ठाऊक, पूर्व बंगालचे काय? : पीटर सिंगर यांचे दोन न्याय

नीतिशास्त्राच्या वर्गात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला हल्ली सर्वप्रथम एक तळे दाखवले जाते. वाटेवरच्या उथळ तळ्यात एक मूल बुडत आहे. आत उतरावे तर कपडे चिखलाने माखतील, न उतरावे तर मूल मरेल. उत्तर सर्वांना ठाऊक असते. मग खरा प्रश्न येतो : दूर देशी अन्नावाचून मरणारे मूल आणि हे मूल यांत फरक तो काय? केवळ अंतरामुळे कर्तव्य कमी होत नाही, असे ऑस्ट्रेलियन उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ पीटर सिंगर बजावतात. या मुद्द्यावर त्यांना निरुत्तर करणे आजवर कोणाला सहज जमलेले नाही.

तळ्याचा हा दृष्टान्त ज्या निबंधातून आला, त्याची सुरुवात मात्र तळ्यापासून होत नाही. ती होते पूर्व बंगालपासून, आणि महिना आहे नोव्हेंबर १९७१. लाखो वेळा उद्धृत झालेल्या या निबंधातून इतिहास तेवढा गळून पडला आहे. दोष केवळ वाचकांचा नाही. त्याची सोय लेखकानेच करून ठेवली होती.

सिंगर तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि ऑक्सफर्डला होते. त्यांचे आईवडील व्हिएन्नाचे ज्यू. नाझींपासून जीव वाचवून १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियात गेलेले. मागे राहिलेल्या आजी-आजोबांपैकी तिघे नाझींच्या संहारात गेले. निर्वासितांच्या पोटी जन्मलेला हा तरुण निर्वासितांविषयी लिहीत होता, आणि त्याचा संताप खरा होता. ब्रिटनने तोवर एक कोटी साडेसत्तेचाळीस लाख पौंड दिले होते. त्याच ब्रिटनचा कॉंकॉर्ड विमानावरचा न भरून येणारा खर्च साडेसत्तावीस कोटी पौंडांच्या पुढे गेला होता. ऑस्ट्रेलियाची मदत सिडनीच्या नव्या ऑपेरा हाउसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्शाहूनही कमी होती. हे आकडे निबंधात आहेत आणि ते आजही झोंबतात.

पण नव्वद लाख माणसे घरदार सोडून भारतात का आली? सिंगर कारणे एका वाक्यात उरकतात : कायमचे दारिद्र्य, एक चक्रीवादळ, एक यादवी युद्ध. जणू तिन्ही आपत्ती आभाळातूनच कोसळल्या.

इतिहास काय सांगतो? चक्रीवादळ नोव्हेंबर १९७० चे. त्यात लाखो माणसे मेली. पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत अवामी लीगला पाकिस्तानच्या संसदेत स्पष्ट बहुमत मिळाले. ते बहुमत मान्य करण्याऐवजी याह्याखानांच्या लष्कराने २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात कत्तल आरंभली. ६ एप्रिलला ढाक्यातील अमेरिकी वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला धाडली. कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांची त्यानंतर ढाक्याहून उचलबांगडी झाली. निक्सन आणि किसिंजर यांना याह्याखान हवे होते, कारण चीनकडे जाणारी वाट त्यांच्या दारातून जात होती.

मूल तळ्यात पडले नव्हते. त्याला ढकलण्यात आले होते. ढकलणारा कोण हे जगाला ठाऊक होते, आणि त्याला शस्त्रे कोण पुरवत होते हेही.

सिंगर यांचे समर्थक येथे तत्काळ हरकत घेतात : मूल बुडत असताना ढकलणाऱ्याची चौकशी कोण करील? आधी बाहेर काढा! हरकत रास्त आहे. बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याह्याखानांचा विचार करीत वेळ दवडला नाही. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. थोड्या पैशांत प्राण वाचतात, या सिंगर यांच्या म्हणण्याला याहून चांगला दाखला मिळणार नाही. (तो इतिहासाच्या पुस्तकांतून क्वचितच भेटतो, हे वेगळे दुःख.) त्रिपुराची लोकसंख्या जेमतेम साडेपंधरा लाख, तेथे जवळजवळ तितकेच निर्वासित आले. भारत सरकारने १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा निर्वासित साहाय्य अधिभार बसवला. नाशिकच्या मुद्रणालयात छापलेली ती तिकिटे लावूनच गावोगावची पत्रे जाऊ लागली. ज्यांच्याकडे कॉंकॉर्ड नव्हते, तेही तळ्यात उतरले होते.

तरीही हरकत पुरी पडत नाही. कारण मदत म्हणजे नेमके काय, हे मूल कशाने बुडते आहे यावरून ठरते. जुलै १९७१ मध्ये बाल्टिमोर बंदरात ‘पद्मा’ नावाचे पाकिस्तानी जहाज येत होते. ते शस्त्रसामग्री नेणार या संशयाने फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळींनी लहानशा होड्या त्याच्या वाटेत आडव्या घातल्या. पोलिसांनी त्यांना अटक केली. नंतर गोदी कामगारांनीही पाकिस्तानी जहाजांवर माल चढवण्यास नकार दिला. या माणसांनी दूरच्या मुलासाठी काय केले? देणगी दिली नाही, ढकलणारा हात धरला. सिंगर यांच्या निबंधात सरकारवर दबाव आणण्याची गोष्ट आहे. पण तो दबाव अधिक मदत द्यावी यासाठी. शस्त्रे देऊ नयेत यासाठीच्या दबावाला त्या युक्तिवादात जागाच नाही.

आता कालक्रम पाहावा. डिसेंबरात युद्ध झाले, १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, आणि निर्वासितांचे लोंढे उलट फिरले. ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’ या नियतकालिकाच्या १९७२ च्या वसंत अंकात हा निबंध वाचकांच्या हाती पडला, तोवर ज्यांच्यासाठी तो लिहिला होता त्यांतील बहुतेक जण आपापल्या गावी परतले होते. देणग्यांनी त्यांना तोवर जिवंत ठेवले, हे खरे. घरी नेले ते राजकारणाने आणि युद्धाने. उपयुक्ततावादी परिणामांवरून कृतीची किंमत करतो. मग या परिणामाची नोंद त्याच्या वहीत कोठे आहे?

हे दुर्लक्ष केवळ अमूर्त विचाराच्या सवयीतून आले, असे म्हणावे तर तीही पळवाट बंद आहे. याच सिंगर यांनी याच काळात प्राण्यांविषयी लिहिले, आणि तेथे त्यांची लेखणी अगदी वेगळी वागते. १९७३ मध्ये ‘न्यू यॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मधील परीक्षण आणि १९७५ मध्ये ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ हे पुस्तक. बीज जुने : प्राण्यांना विचार करता येतो का, बोलता येते का, हे न विचारता त्यांना वेदना होतात का ते विचारा, असे जेरेमी बेंथम यांनी १७८९ साली एका तळटीपेत सुचवले होते. सिंगर तेवढ्यावर थांबले नाहीत. कोणत्या विद्यापीठात, कोणत्या प्रयोगात, कोणत्या प्राण्याला किती विजेचे झटके दिले, हे त्यांनी संशोधकांच्याच शोधनिबंधांतून काढले. पिंजऱ्यात कोंडलेल्या कोंबड्यांचा हिशेब त्यांनी कुक्कुटपालन व्यवसायाच्याच नियतकालिकांतून मांडला. आरोपीच्या दप्तरातून आरोपपत्र तयार करणे ही अस्सल इतिहासकाराची रीत आहे. त्या पुस्तकात कोंबडी ‘संकटात सापडत’ नाही. तिला पिंजऱ्यात घालणारा धंदा आहे, त्याचा नफा आहे, त्याला परवानगी देणारा कायदा आहे.

आणि त्या लेखनातून काय उगवले तेही पाहावे. न्यू यॉर्कमध्ये सिंगर यांच्या वर्गात हेन्री स्पायरा हा जुना कामगार चळवळ्या येऊन बसला. १९७६ मध्ये त्याने तेथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत मांजरांवर चाललेल्या प्रयोगांविरुद्ध निदर्शने सुरू केली. पुढच्या वर्षी ते प्रयोग बंद पडले. १९८० मध्ये सशांच्या डोळ्यांत रसायने घालून चाचण्या घेणाऱ्या रेव्हलॉन कंपनीला त्याने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन जाब विचारला. वर्ष सरण्यापूर्वी कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर दिले. पुस्तक मांसाहार सोडण्यास सांगते, म्हणजे व्यक्तीलाही हाक घालते. पण तिला ग्राहक म्हणून एका धंद्यासमोर उभे करते. गरिबीच्या लेखनात तीच व्यक्ती एकटी उरते, हातात पाकीट धरून.

सशासाठी आरोपी हवा आणि पूर्व बंगालच्या शेतकऱ्यासाठी केवळ दाता पुरे, हा कुठला न्याय? प्राणिजातींमध्ये पक्षपात करू नये असे शिकवणाऱ्या विचारवंताने किमान शोधपद्धतीत तरी माणसांवर अन्याय करायला नको होता.

सिंगर यांच्यावर भलतेच आरोप करणाऱ्यांशी या तक्रारीचा संबंध नाही. परिणामकारक परोपकाराचे गोडवे गाणारा एक क्रिप्टो-व्यापारी २०२२ मध्ये बुडाला आणि पुढे तुरुंगात गेला, म्हणून सिंगर खोटे ठरत नाहीत. ‘आधी आपले पाहावे’ म्हणणाऱ्यांना तर १९७१ चा त्रिपुरा पुरेसे उत्तर आहे. प्रश्न एवढाच, की कारणाशिवाय सांगितलेले दुःख वाचणाऱ्याला कोणाच्या बाजूने नेऊन उभे करते.

१९७४ मध्ये तीच भूमी पुन्हा उपाशी पडली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये दाखवले, की त्या वर्षी बांगलादेशात दरडोई धान्याची उपलब्धता आधीच्या आणि नंतरच्या वर्षांपेक्षा अधिक होती, पुरामुळे मजुरांचे काम गेले आणि तांदळाचा भाव त्यांच्या आवाक्याबाहेर गेला. देश अमेरिकी धान्याची वाट पाहत होता. ते अडवून ठेवण्यात आले होते, कारण बांगलादेशाने क्युबाला तागाच्या गोण्या विकल्या होत्या आणि क्युबाशी व्यापार करणाऱ्याला अन्नसाहाय्य देण्यास अमेरिकी कायद्याची मनाई होती. ढाक्याने ती निर्यात थांबवली. धान्याची जहाजे निघाली, तोवर दुष्काळ बव्हंशी ओसरला होता.