मारहाणीची नोंद होते. ती वाचतं कोण?

भिवंडी : सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी कौटुंबिक हिंसाचार कायद्याबाबत एक आदेश दिला. 'वी द वुमन ऑफ इंडिया' या संस्थेच्या याचिकेवर न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने राज्यांना बजावलं की, जिथे संरक्षण अधिकारी नाहीत तिथे महिला व बालविकास खात्यातल्या जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या अधिकाऱ्यांना सहा आठवड्यांत ही जबाबदारी द्या. कायदा लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. ज्या पदावर अख्खा कायदा उभा आहे ते पद भरा, एवढं सांगायला साडेअठरा वर्षांनी देशाच्या सर्वोच्च कोर्टाला बसावं लागलं.

बातमी आली आणि गेली. पण भिवंडी, शहापूर, मुरबाड, वाडा या भागासाठी त्यातले 'तालुका पातळीवर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आजवर अनेक बायांसाठी ही मदत म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण. मार खाल्लेल्या बाईने दिवसाची मजुरी बुडवायची, पोरं शेजारणीकडे सोडायची आणि जिल्ह्याच्या गावी जाऊन कचेरी शोधायची. आता पाटी तालुक्यात लागेल, असं धरू. पण पाटीखालच्या खुर्चीत बसणाऱ्याला हे काम शिकवणार कोण? अंगणवाडीचे अहवाल, पोषण आहार, बैठका यांत बुडालेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक कागद ठेवला म्हणून तो संरक्षण अधिकारी होत नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला महाराष्ट्रात चाळीस वर्षांपूर्वीच सुरुवात झाली होती, आणि ती सरकारी खात्यात नव्हे, एका शिक्षणसंस्थेत झाली होती.

कमिशनर ऑफिसातली एक खोली

१९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ पहिल्यांदाच स्वतंत्र गुन्हा ठरला. (१ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आलं आहे.) कलम आलं खरं, पण ठाण्यातला हवालदार तोच होता आणि 'घरचा मामला' ही त्याची समजूतही तीच होती. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच एक कक्ष उघडला. महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. तिथे वर्दीतला माणूस नव्हता. समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या बाया होत्या.

जागा निवडण्यात खरी हुशारी होती. टिसचा परिसर देवनारला आहे, केंद्र तिथेही उघडता आलं असतं. तसं झालं असतं तर प्रबंध झाले असते, परिसंवाद झाले असते, आणि मार खाल्लेली बाई मात्र पोलीस ठाण्यातून रडत परत गेली असती. ती जिथे जाते तिथे आपण बसायचं, हा हिशेब होता. शिवाय पोलिसांच्या आवारातून आलेलं बोलावणं नवरा सहसा टाळत नाही. संस्थेच्या पत्राला तो भाव मिळत नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या पद्धतीची. आपल्याकडे समुपदेशन म्हटलं की 'जुळवून घे' हेच डोळ्यांसमोर येतं. या कक्षाने क्रम उलटा लावला. आधी बाईला काय हवं ते ऐकायचं. तिला घरी परत जायचं असेल तर नवऱ्याशी बोलणी करायची, पण ती हिंसा थांबवण्याबाबत. 'दोघांनी थोडं थोडं सोसा' अशी नव्हेत. तिला बाहेर पडायचं असेल तर स्त्रीधन परत मिळवून देणं, निवारा, वकील, माहेरच्यांना तयार करणं. हे सगळं सोबत चालायचं. पुढे राज्य सरकारने हे कक्ष आपल्या योजनेत घेतले, ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेले, आणि हरियाणासारख्या राज्यांनीही हा नमुना उचलला. टिसने हिंसाचाराच्या प्रश्नावर एक संसाधन केंद्रही उभं केलं. त्याचं काम कक्षातल्या कार्यकर्त्यांना शिकवणं, नोंदी अभ्यासणं, पोलिसांची प्रशिक्षणं घेणं.

विद्यापीठाचं केंद्र कशासाठी लागतं ते इथे कळतं. एका बाईची तक्रार म्हणजे एक प्रकरण. अशी पाचशे प्रकरणं नीट लिहिली गेली आणि कुणी तरी ती शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर कळतं की बाया पहिल्या मारहाणीनंतर किती वर्षांनी येतात, आधी कुठे जाऊन परत फिरलेल्या असतात, कोणत्या कारणाने तक्रार मागे घेतात. हे वाचण्याचं काम ना पोलिसांचं ना कोर्टाचं. त्यांना वेळ नाही, आणि त्यांचं ते कामही नाही.

राज्यात अभ्यास नाही असं नाही. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी १९७४ मध्येच स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू केलं, पुणे विद्यापीठात १९८७ पासून आहे. पण अभ्यास आणि मदतीचं टेबल एका छपराखाली, हे टिसने करून दाखवलं.

आकडा काय सांगतो

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९.३. म्हणजे आपल्याकडे चौघींतली एक. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं.

त्यामुळे 'आमच्या ठाण्यात तक्रारी कमी आहेत' हे वाक्य अभिमानाने सांगण्यासारखं नाही. तक्रारी कमी असण्याचा अर्थ दार बंद आहे असाही होतो. ग्रामीण भागात तर हे दार बंद ठेवायला कधी कधी बक्षीसही असतं. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे तंटे गावातच मिटावेत हा हेतू चांगलाच होता, आणि बऱ्याच गावांत त्याचा उपयोगही झाला. पण बायकोला मारणं हा तंटा नव्हे. तंट्याला दोन बाजू असतात, मिटवताना दोघांनी एकेक पाऊल मागे घ्यायचं असतं. इथे मार खाणारीने आणखी मागे कुठे जायचं? तरीही अशी प्रकरणं समितीपुढे 'नवरा-बायकोचं भांडण' म्हणून येतात, चहा होतो, प्रकरण मिटतं. मिटलं असं लिहिलं जातं, एवढंच.

भिवंडीचं वेगळेपण

भिवंडी तालुका कुठल्याच साच्यात बसत नाही. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतच ७ लाखांवर लोकसंख्या. यंत्रमागावर बारा बारा तासांच्या पाळ्या. उत्तर प्रदेश, बिहारहून आलेले कामगार, पिढ्यान् पिढ्या इथलेच झालेले तेलुगू विणकर, कोकणी मुसलमान, आगरी गावं. बाहेर पडलं की माणकोली, दापोडा, काल्हेरची गोदामं, आणि त्याहून आत गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या बाजूला वारली आणि कातकरी पाडे. पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं.

पोलिसांची हद्दही दोन ठिकाणी वाटलेली. शहर आणि त्याला चिकटलेली गावं ठाणे आयुक्तालयात, तर पडघा आणि गणेशपुरी ही ठाणी ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. माहेर पडघ्याला आणि सासर शांतीनगरला असेल तर 'तुमची हद्द आमची नाही' हे वाक्य ऐकायला मिळू शकतं. कायदा मात्र स्पष्ट आहे. बाई जिथे राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे तिला अर्ज करता येतो.

हिंसेचा चेहराही इथे वेगळा दिसतो. घरात बसून कांडी भरणारी किंवा धागे कापणारी बाई कमावते, पण पैसे ठेकेदार नवऱ्याच्या हातात देतो. वीटभट्टीवर तर उचल कुटुंबाच्या नावावर आणि ती घेणारा पुरुष. बाई मार खाऊन निघून गेली तर जोडीतला एक हात कमी झाला म्हणून मालकही तिला परत आणायला माणूस धाडू शकतो. २००५ च्या कायद्यात याला नाव आहे : आर्थिक हिंसा. कायद्याखालचा नमुना क्रमांक १, म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल, नीट पाहिला तर त्यात पगार हिसकावणं, कामाला जाऊ न देणं, खायला-औषधाला पैसे न देणं, भाडं न भरणं अशा गोष्टींचे रकाने छापलेले आहेत. सरकारी कागदांत इतका समजून केलेला कागद क्वचितच सापडतो. पण भरणाऱ्याने विचारलं नाही तर बाई आपणहून सांगत नाही, कारण त्याला हिंसा म्हणतात हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग 'मारहाण केली' एवढी एक ओळ भरली जाते आणि बाकी रकाने कोरे राहतात. प्रशिक्षणाचा फरक पडतो तो इथे.

घराचंही तसंच. 'घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय संबंध' असं ऐकून बाया गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० ला सतीशचंदर आहुजा खटल्यात ठरवून टाकलं की, घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या नावावर असलं तरी ती तिथे संसार करत राहिली असेल तर तिथे राहण्याचा हक्क मागू शकते. चाळीतल्या भाड्याच्या खोलीत राहणारीला याचा काय उपयोग, असं वाटेल. कलम १९ नुसार कोर्ट नवऱ्याला दुसऱ्या खोलीचं भाडं भरायलाही सांगू शकतं. अर्जात मागितलं तर.

दवाखाना हे दुसरं दार

पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई सरकारी दवाखान्यात मात्र जातेच. मुंबईत 'सेहत' या संशोधन संस्थेने आणि महापालिकेने मिळून २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र सुरू केलं, नंतर ते इतर पालिका रुग्णालयांतही गेलं. कल्पना साधी : केसपेपरवर 'पडून लागलं' किंवा 'चुकून औषध प्यायली' असं लिहिण्याआधी परिचारिकेने, डॉक्टरने दाराआड दोन प्रश्न विचारायचे आणि बाईला शेजारच्या खोलीतल्या समुपदेशकाकडे पोचवायचं.

हे करणं ऐच्छिक आहे असं अनेकांना वाटतं. कायद्याच्या २००६ च्या नियमांतला १७ वा नियम सांगतो की, अहवाल आधी झालेला नाही म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. अहवाल झालेला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखानेच नमुना १ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची आहे. भिवंडीचं आयजीएम उपजिल्हा रुग्णालय असो की गावाकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र, नियम एकच. वर्षभरात असे किती नमुने रुग्णालयांतून गेले, हा प्रश्न लोकप्रतिनिधींनी जिल्हा नियोजन समितीत विचारायला हरकत नाही. उत्तर काहीही येवो, त्यातून बरंच कळेल.

ठाणे जिल्ह्यात काय होऊ शकतं

टिसच्या नमुन्याचं केंद्र भिवंडीत उभं करायला नवी इमारत लागत नाही. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रं ठाण्यात आणि कल्याणमध्ये आहेत. भिवंडीत बीएनएनसारखं जुनं महाविद्यालय आहे, मुलींसाठी जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय आहे. विद्यापीठाने विषय हातात घेऊन दोन प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या तालुक्याच्या ठिकाणी बसवल्या, त्यांचा पगार नियमित ठेवला आणि आशा, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांना वर्षातून काही दिवस शिकवलं, तर सुरुवात होते. त्या कार्यकर्त्या मराठी, उर्दू आणि हिंदी बोलणाऱ्या हव्यात. तेलुगू येणारी एखादी मिळाली तर उत्तमच.

पगाराचा मुद्दा किरकोळ समजू नये. अशा कामात माणसं कंत्राटावर असतात, कंत्राट संपलं की जातात, आणि त्यांच्याबरोबर बायांचा विश्वासही जातो. दर अकरा महिन्यांनी नव्या चेहऱ्याला तीच कहाणी पहिल्यापासून कोण सांगणार?

एक धोकाही आहे. विद्यापीठ आलं की सर्वेक्षण येतं, विद्यार्थी फॉर्म घेऊन वस्तीत शिरतात, सासूसमोर सुनेला विचारतात, 'तुम्हाला मारहाण होते का?' त्या रात्री काय होईल ते सांगायला नको. मदतीचं टेबल आधी आणि अभ्यास नंतर, नावं आणि पत्ते कुलपात, हे पहिल्या दिवशीच ठरायला हवं. छोट्या गावात नाव न छापताही बाई ओळखू येते, याचं भान शहरातून आलेल्या संशोधकांना नेहमी असतंच असं नाही.

कोर्टाचाही हिशेब घालावा लागेल. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारणपणे अर्ज मिळाल्यापासून ३ दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात किती तारखा पडतात हे कुठल्याही वकिलाला विचारा. भिवंडी न्यायालयात दाखल झालेल्या अर्जांना किती दिवस लागले, अंतरिम आदेश किती मिळाले, मिळालेले किती पाळले गेले, एवढा एकच अभ्यास एखाद्या केंद्राने वर्षभरात केला तरी तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याला आपलं काम कुठे अडतंय ते दिसेल. आदेश मोडणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम ३१ मध्ये आहे.

तोवर ज्यांना आज गरज आहे त्यांच्यासाठी : तातडीने पोलीस हवे असतील तर ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. शेजारी, शिक्षिका, आशाताई, दुकानदार, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कोणतीही कारवाई होत नाही, असं कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलेलं आहे.